कोठीघरातली मुलगी

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे आपण मराठीत म्हणतो. शेजारच्या ओसरीवर हेच ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’ असे ऐकू येते. आपल्या हुमनाबादेत तर अशी कितीतरी घरे आहेत, जिथे सासू एका भाषेत हे म्हणते आणि सून दुसऱ्या भाषेत मान डोलावते. भाषा कोणतीही असो, लग्न उभे करणाऱ्याचा घाम सारखाच.

ही म्हण आज आठवली ती एका पत्रामुळे. तालुक्यातल्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे. त्यांची मुलगी पदवीधर आहे. तिला लग्नाची कामे अंगावर घेण्याचा व्यवसाय करायचा आहे. मांडवापासून पंगतीपर्यंत सगळी व्यवस्था आपण पाहायची, म्हणजे शहरात ज्याला ‘वेडिंग प्लॅनर’ म्हणतात ते काम. मुलगी हुशार आहे, बोलकी आहे, मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही भाषा तिला येतात. पण तिच्या चेहऱ्यावर आणि दोन्ही हातांवर पांढरे कोड आहे. आई लिहिते, ‘अक्का, हळदीच्या घरात हिला कोण उभं करील? लोक तोंडावर बोलतील, पोर खचून जाईल. त्यापेक्षा घरी बसून शिवणकाम करावं असं मला वाटतं. तुम्हीच तिला चार शब्द सांगा.’

ताई, चार शब्द जरूर सांगते. पण ते एकट्या तुमच्या मुलीसाठी नाहीत. त्याआधी माझीच एक गोष्ट ऐका. ती सांगताना मला अजून संकोच वाटतो.

आठ वर्षांपूर्वी माझ्या मुलाचे लग्न झाले. सून कन्नड घरातली, व्याही कलबुर्गीकडचे. लग्न आमच्याकडे, हायवेजवळच्या एका फंक्शन हॉलमध्ये. आमच्या गल्लीत एकाचे शामियान्याचे दुकान होते. त्यांची पुतणी दुकानाचा हिशेब लिहायची. बावीस-तेवीस वर्षांची असेल. ओठांभोवती, डोळ्यांभोवती आणि मनगटांपर्यंत कोड. काका आजारी पडले आणि आमच्या लग्नाचे सगळे काम तिच्या अंगावर आले.

पोरीने पंधरा दिवस आधी वही घातली. कोणती गाडी किती वाजता, आचाऱ्याला शिधा केव्हा, पाण्याचा टँकर कोणाचा, लाइट गेली तर जनरेटरचे डिझेल कोण आणणार, सगळे लिहून काढले. मी निर्धास्त झाले. पण लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिला बाजूला घेऊन मी म्हटले, ‘बाळ, तू आपली कोठीघरातच थांब. पुढं नको येऊ. विहीणबाई जुन्या वळणाच्या आहेत, त्यांना चालायचं नाही.’

ती इतकेच म्हणाली, ‘बरं काकू.’

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांकडच्या बायका आल्या आणि त्यांनी सुरगीची तयारी विचारली. चार कोपऱ्यांना चार तांबे, त्यांच्याभोवती सुताचे वेढे, मध्ये बसवून स्नान. त्यांच्याकडे हे हवेच. आमच्या बाजूला कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. मी गडबडले. मांडवाच्या मागच्या बाजूला जाऊन पाहते तो पाट मांडलेला, तांबे घासून ठेवलेले, सुताची गुंडी, पानसुपारी, सगळे जागच्या जागी. विहीणबाई खूश होऊन म्हणाल्या, ‘इदु यारु माडिद्रु?’ आता नाव घ्यावेच लागले. मी कोठीघरातून तिला बोलावले. माझी छाती धडधडत होती.

विहीणबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि विचारले, ‘अरिशिणा यल्लि इट्टीयव्वा?’ बस, एवढेच. हळद कुठे ठेवलीस? पोरीने हळदीचे ताट आणून दिले, त्यांनी ते घेतले आणि कार्य पुढे चालू झाले.

मी मात्र तिथेच उभी राहिले. ज्या बाईचे नाव पुढे करून मी त्या पोरीला दिवसभर पोत्यांच्या आड बसवणार होते, त्या बाईला हळदीखेरीज काही सुचलेही नव्हते. नाव विहिणीचे होते, भीती माझी होती.

ताई, आपल्याकडे हे असेच चालते. ‘मला काही वाटत नाही गं, पण लोक काय म्हणतील?’ असे प्रत्येक जण म्हणतो आणि ते लोक कधी कोणाला भेटत नाहीत. भेटतात तेव्हाही ते आपल्याच घरात, आपल्याच आवाजात बोलत असतात.

नारायणाला आता फी मिळते

पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधला नारायण मराठी वाचकांना नव्याने सांगायला नको. प्रत्येक लग्नात असा एक नारायण असायचा. कापडखरेदीपासून वऱ्हाड बसवून देण्यापर्यंत सगळे तोच बघणार आणि शेवटी त्याची आठवण कोणालाच नाही. त्याचे दिसणे कधी कोणी विचारात घेतले होते का? मळका सदरा असला तरी तो घरचाच होता.

आता तो घरचा नारायण मिळत नाही. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला, चुलते सोलापूरला, मामा बंगळूरला. सगळे जण लग्नाच्या आदल्या रात्री येणार. २०१० मध्ये ‘बँड बाजा बारात’ हा सिनेमा आला आणि वेडिंग प्लॅनर हा शब्द लहान गावांपर्यंत पोचला. पण आपल्या भागाला अशा माणसाची गरज सिनेमामुळे नव्हे, भूगोलामुळे आहे. पुणे-हैदराबाद हायवे आपल्या दारातून जातो. २०१७ मध्ये बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली. तीन राज्यांतली सोयरीक एका मांडवात येते. एका बाजूला मंगलाष्टके, आंतरपाट आणि रुखवत. दुसऱ्या बाजूला सुरगी आणि गव्हाची हुग्गी. भटजी एका पद्धतीचे, तर कोणाच्या घरी जंगमस्वामी. एक बाजू म्हणते अक्षता सावधान म्हटल्यावर, दुसरी बाजू आधीच टाकून मोकळी. दोन्ही बाजूंची रीत माहीत असलेले आणि दोन्ही भाषांत समजूत घालू शकणारे माणूस इथे सोन्यासारखे आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपनीला ते जमणार नाही. तुमच्या मुलीला जमेल.

आमच्या गल्लीतली ती मुलगी आज हेच काम करते. परवा तुमचे पत्र घेऊन मी तिच्याकडे गेले. तिने जे सांगितले ते इथे देते, कारण उपदेश करायला मी कोण?

ती म्हणते, पहिली भेट कधीही फोनवर करायची नाही. स्वतः जायचे, उजेडात बसायचे आणि डाग झाकणारा मेकअप लावायचा नाही. तिच्या कार्डावर तिचा स्वतःचा फोटो आहे. ‘काकू, लपवून मिळवलेलं काम मांडवात उघडं पडतं. ज्यांना चालायचं नाही, त्यांनी पहिल्याच चहाला नाही म्हणावं. त्यांचाही वेळ वाचतो, माझाही.’ म्हणूनच भेट झाल्याशिवाय ती आगाऊ रक्कम घेत नाही. एका घरी सगळे फोनवर ठरले होते, तिला पाहिल्यावर ‘कळवतो’ म्हणाले आणि कळवलेच नाही. त्या रात्री ती जेवली नाही, हेही तिने सांगितले. सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. काही लोक तिला काम देतात, पण आपण मोठे उपकार करतो अशा थाटात दर पाडून मागतात. ती दर कमी करत नाही. ठरलेली रक्कम तीन हप्त्यांत, पहिला ठरवताना, दुसरा मांडव पडण्याआधी, तिसरा वऱ्हाड निघण्याआधी. कागद मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही बाजूंच्या सह्या. शामियाना, आचारी, वाजंत्री, फुले, फोटो, गाड्या यांचा हिशेब वेगवेगळा आणि ज्याची पावती त्याच्या नावाने. लग्नात सर्वांत जास्त भांडणे ‘हे ठरलं नव्हतं’ यावरून होतात. लिहिलेले असले की आवाज चढत नाहीत.

तिसरी गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. घाणा भरणे, हळद लावणे, ओटी भरणे ही कामे ज्या घरची रीत असेल त्याप्रमाणे त्या घरच्या बायका करतात. त्यात ती हात घालत नाही. ‘तो त्यांचा विधी आहे, माझं काम व्यवस्थेचं.’ पण मांडवात कुठे उभे राहायचे हे कोणाला ठरवू देत नाही. व्यवस्थेच्या माणसाला पंगतही दिसली पाहिजे आणि दारही. ‘पुढे येऊ नका’ अशी अट असेल तर ती काम घेत नाही. माझ्या मुलाच्या लग्नाचे पैसे द्यायला गेले तेव्हाच तिने मला म्हटले होते, ‘काकू, या वेळी तुमच्यासाठी कोठीघरात बसले. पुढच्या कामाला आधीच सांगीन, कोठीघरही माझं आणि दारही माझं.’

सुरुवात तिने मोठ्या लग्नांपासून केली नाही. बारशी, साखरपुडे, वास्तुशांती, एकसष्टी अशी छोटी कामे घेतली. माणसे एकदा आली, जेवली, घरी सुखरूप पोचली की तोंडातोंडी नाव होते. भांडवलाची अडचण असेल तर बँकेची मुद्रा योजना २०१५ पासून आहे. त्यातल्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. छोट्या उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आहे आणि तिला शुल्क लागत नाही. कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

कोड म्हणजे काय, काय नव्हे

आता थोडे कोडाबद्दल. कन्नडमध्ये तोन्नु म्हणतात. आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात. शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा चुकून त्या पेशींवर उलटते आणि तेवढ्या जागेचा रंग जातो. जगात साधारण शंभरात अर्धा ते दोन लोकांना कोड असते. म्हणजे पाचशे पानांच्या लग्नात तसे तीन ते दहा पाहुणे असायचेच. कोड शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एकमेकांचे कपडे घातल्याने पसरत नाही. त्या हातांनी वाढलेल्या हुग्गीने कोणाला काही होत नाही.

कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. दोन्हींची गल्लत जुनी आहे आणि तिने दोन्हीकडच्या माणसांचे हाल केले. खरे तर कुष्ठरोगही औषधांनी पूर्ण बरा होतो. म्हणूनच २०१९ मध्ये संसदेने कायदा बदलून घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग काढून टाकला. कायदा बदलला तरी आपल्या पंगती बदलायच्या आहेत.

एक गोष्ट मैत्रिणींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदात असलेल्या एका रसायनाने काही जणींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. हे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलेले आहे. म्हणजे ज्या सौभाग्यचिन्हाच्या नावाने आपण दुसरीला मागे सारतो, तेच उद्या आपल्या कपाळावर पांढरी खूण ठेवून जाऊ शकते. टिकलीच्या जागी खाज आली किंवा रंग फिका झाला, तर टिकली बंद करून डॉक्टरांना दाखवा. मलमे, विशिष्ट प्रकाशकिरणांचे उपचार, काही वेळा शस्त्रक्रिया, असे मार्ग आहेत. प्रत्येकाला सारखा गुण येत नाही. बीदरच्या आणि कलबुर्गीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन विचारावे. भोंदूच्या जडीबुटीत पैसे आणि कातडी दोन्ही जाळून घेऊ नयेत.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे स्वतः शल्यचिकित्सक. त्यांनाही कोड आले. त्यांनी ते झाकून घरी बसण्यापेक्षा ‘श्वेता असोसिएशन’ ही संस्था काढली. कोड असलेल्यांना एकत्र आणणे, धीर देणे, खरी माहिती सांगणे हे काम तर ती करतेच, पण त्यांच्यासाठी वधूवर मेळावेही घेते. हे वाचल्यावर मी थांबले. ज्या व्यक्तीला लग्नघरात मागे उभे राहा असे सांगितले जाते, तीच व्यक्ती इतरांची लग्ने जुळवायला पुढे होते. तुमच्या मुलीच्या मनात जे आहे, त्याची वाट कोणीतरी आधीच चालून गेले आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा मराठी चित्रपट २००६ मध्ये आला. त्यातली नायिका कोड असलेली डॉक्टर आहे आणि लग्नाच्या निमित्ताने तिच्याभोवतीच्या सुशिक्षित माणसांचीच परीक्षा होते. देविका दफ्तरदार यांनी ती भूमिका केली आहे. मायलेकींनी मिळून जरूर पाहावा. तिकडे कॅनडाची विनी हार्लो ही कोड असलेली मुलगी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टीव्ही स्पर्धेतून पुढे आली आणि मॉडेल म्हणून जगभर ओळखली गेली. रूप पाहूनच काम देणाऱ्या धंद्यात तिने जागा मिळवली. आपण तर पंगत वेळेवर बसली की नाही एवढेच पाहायचे आहे.

मागच्या रांगेत आणखी कोण?

हे लिहिताना कोठीघरात बसणाऱ्या दुसऱ्या बायकाही डोळ्यांपुढे आल्या. मराठीत सुवासिन, कन्नडमध्ये मुत्तैदे. शब्द दोन, दार एकच. ज्या आईने नवऱ्यामागे कष्ट करून मुलगी वाढवली, तिनेच मुलीला हळद लावताना मागे राहायचे. कपाळ मोकळे, गळा मोकळा, म्हणून ती अशुभ दिसते म्हणे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे, तेही आपल्यासारखे सीमेवरचेच. त्या गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला की पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे सांगितले. ठरावाने एका दिवसात मने बदलत नाहीत, पण पुढे यायला निघालेल्या बाईला हातात धरायला एक कागद मिळतो.

आणि आपण तर कल्याणच्या शेजारचे. इथून तासाभराच्या वाटेवर, १२ व्या शतकात, हरळय्याचा मुलगा आणि मधुवरसाची मुलगी यांचे लग्न झाले. एक घर चांभाराचे, दुसरे ब्राह्मणाचे. दोन्ही शरण झालेले, दोघांनी जात सोडलेली. त्या एका लग्नापायी दोन्ही बापांना बिज्जळाच्या राज्यात हालहाल करून मारले, अशी परंपरा सांगते. गिरीश कार्नाडांनी १९९० मध्ये ‘तलेदंड’ हे कन्नड नाटक त्याच काळावर लिहिले. तो प्रश्न जातीचा होता, हा दिसण्याचा. मी दोन्हींची बरोबरी करत नाही. पण मांडवात कोणाला पुढे येऊ द्यायचे, हा प्रश्न आपल्या मातीत केवढ्या किमतीने विचारला गेला आहे, एवढे तरी आपण विसरू नये. वर्षातून एकदा बसवकल्याणला जाऊन हात जोडायचे आणि घरच्या लग्नात पोरीला कोठीघरात बसवायचे, हे काही जुळत नाही.

तेव्हा ताई, मुलीला शिवणाच्या क्लासला घालायचे असेल तर तिला शिवण आवडते म्हणून घाला, तोंड लपावे म्हणून नको. लग्नाची कामे घ्यायची असतील तर आधी एखाद्या चांगल्या शामियानावाल्याकडे किंवा आचाऱ्याकडे एक हंगाम काम करू द्या. भाज्यांचे भाव, भांड्यांचा हिशेब, माणसांचे स्वभाव तिथे कळतात. काही जण बोलतील. ती रडेल. त्या दिवशी ‘मी सांगत होते ना’ असे मात्र म्हणू नका. ताट वाढा आणि उद्या कुठले काम आहे ते विचारा.

बाकीच्या वाचकांना एक विनंती. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त निघायला लागतात. या हंगामात तुमच्या दारात अशी एखादी मुलगी वही घेऊन आली, तर तिला दर विचारा, यादी विचारा, मागच्या दोन कामांची चौकशी करा. काम पसंत पडले नाही तर सरळ नाही म्हणा. पण नाही म्हणताना विहिणीचे नाव पुढे करू नका. मी ते करून पाहिले आहे.

माझ्या धाकट्या मुलीचे लग्न ठरते आहे. काम त्याच मुलीला दिले आहे. तिने पहिल्या पानावर वेळापत्रक लिहिले, दुसऱ्या पानावर पाहुण्यांची यादी. तिसऱ्या पानावर तिने मला विचारले आहे, ‘काकू, स्वागताला दारात कोण उभं राहणार?’ त्या रकान्यात मी माझे नाव लिहिले आणि माझ्या शेजारी तिचे.